खळीची तोंडी परीक्षा

"आई जे म्हणाली तेच सांगायचं. गोड करायचं नाही, कडू करायचं नाही. तुझं काही असेल ते घरी आल्यावर सांग, मी ऐकेन."

बाबांचं हे बोलणं दुभाषीच्या कानात इतकं मुरलं होतं की कामाला बसण्याआधी ती ते एकदा मनातल्या मनात ऐकून घ्यायची आणि मगच बाह्या सारख्या करायची. तिच्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बाबा दिवसभर कामावर. त्यामुळे दवाखाना, शाळा, घरमालक, जिथे जावं तिथे आईचे हात बोलायचे आणि या एवढ्याशा मुलीचं तोंड. एकदा पोटदुखी थांबेना तेव्हा आई डॉक्टरांना म्हणाली, "तुमच्या औषधाने काडीचा फरक पडला नाही." लेकीने मान खाली घालून सांगितलं, "आईला बरं वाटतंय." एवढ्या मोठ्या माणसाला असं तोंडावर कसं बोलायचं! डॉक्टरांनी खूश होऊन तेच औषध पुन्हा दिलं. त्या संध्याकाळी बाबांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि अजिबात न रागावता ते वाक्य सांगितलं.

बाबा आता नाहीत. आई आहे, आणि चांगली ठणठणीत आहे. दुभाषी रोज सकाळी दिवा लावून थोडा वेळ मौन धरते. त्या घरात नुसतं तोंड मिटण्याला मौन म्हणत नाहीत, हात मांडीवर ठेवावे लागतात. आईला हे व्रत मुळीच पसंत नाही. ती नेमकी त्याच वेळी समोर येऊन उभी राहते आणि हातांनी विचारते, "भाजी कुठली करू? सांग ना. बरं, नको सांगूस. तुला न आवडणारीच करते."

परीक्षेच्या दिवशीही आईने हे सगळं यथासांग केलं. लेकीने हसू दाबलं, मौन पूर्ण केलं, साधा गडद रंगाचा सदरा घातला, म्हणजे त्यावर हात स्पष्ट दिसतात, आणि ती विद्यापीठात गेली.

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. जिच्यासाठी ती आली होती तिला सगळे खळी म्हणायचे. ऐकू न येणाऱ्या माणसांत प्रत्येकाला खुणेचं एक नाव मिळतं, आणि ते त्याच्याकडे बघून पडतं. या मुलीच्या डाव्या गालावर खळी, म्हणून बोटाने गाल टोचला की तिचं नाव झालं. दुभाषीचं नाव होतं 'चष्मा वर ढकलणारी'. विभागातल्या सरांना ही मुलं 'कंगवा' म्हणतात, हे सरांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

प्रवेशाच्या वेळी खळीला विचारलं होतं, "रुग्णाचं दुखणं तू ऐकणार कशी?" तिने उत्तर दिलं होतं, "सांगतात ते मी विचारून घेईन. सांगत नाहीत ते मला दिसतं." त्या उत्तरासाठीच ती दुभाषीच्या मनात भरली. पहिल्याच आठवड्यात या पोरीने आणखी एक केलं. जिन्यात अडवून तिने दुभाषीला सुनावलं, "ताई, तुझ्या हातातून मला इतरांपेक्षा कमी आलं तर मी भांडेन. जास्त आलं तरी भांडेन. मला बरोबर तेवढंच हवं." दुभाषीने शब्द दिला होता, "दोन्ही वेळा मीच थांबवीन."

हा शब्द अवघड होता, कारण वर टांगती तलवार होती. गेल्या वर्षी कुणाच्या तरी वडिलांनी तक्रार केली होती की दुभाषी हातवाऱ्यांतून उत्तरं पुरवते. चौकशीत काही निघालं नाही. पण परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी बजावलं, "पुन्हा असं काही कानावर आलं तर दुभाषी बंद. मुलांनी तोंडी परीक्षा कागदावर लिहून द्यावी." म्हणायला सोपं आहे. पण खळीचा विचार हातांत जन्मतो. लिहिण्याची भाषा तिने मागून, मेहनतीने शिकलेली. आणि तोंडी परीक्षेत परीक्षक पहिल्या उत्तरातून दुसरा प्रश्न काढतात, ते कागदावर कसं होणार? खळीच्या मागून पहिल्या वर्षाला आणखी काही मुलं आली होती. त्यांचंही सगळं याच व्यवस्थेवर होतं.

वर्गाबाहेरच्या बाकावर मुलं पुटपुटत बसली होती. आतून एक मुलगी घाम पुसत आली आणि म्हणाली, "बाहेरून आलेल्या बाई फार खमक्या आहेत. पण एक आहे. बाई सूर वर नेऊन 'नक्की?' म्हणाल्या की समजायचं, चुकलंय. लगेच बदलायचं. मी वाचले त्याच्यावर."

दुभाषीने हे जसंच्या तसं खळीला सांगितलं. बाकावर जे बोललं जातं ते सगळ्यांच्या कानावर पडतं, मग हिच्याही पडायला हवं. खळी म्हणाली, "म्हणजे बाईंचा आवाज चुगली करतो."

आत जुनी लाकडी फरशी होती, खिडकीशी तपासणीचा पलंग, कोपऱ्यात हाडांचा सांगाडा. परीक्षक बाईंचे केस पांढरे, बारीक कापलेले. शेजारी विभागाचे सर. दुभाषीने आपली खुर्ची बाईंच्या खांद्याजवळ ओढली, म्हणजे खळीला एकाच नजरेत बाईंचा चेहरा आणि तिचे हात दिसतील.

"तिला विचारा, तयार आहे का," बाई दुभाषीला म्हणाल्या.

"तिच्याशीच बोला मॅडम. मी इथे नाही असं समजा. ती जे म्हणेल ते मी 'मी' म्हणूनच बोलेन."

"म्हणजे तुम्ही 'मी' म्हणालात की ती?"

"हो. माझं स्वतःचं काही असलं तर आधी तसं सांगेन."

"गंमतच आहे," बाई म्हणाल्या आणि खळीकडे वळल्या. "खांदा आखडलेला रुग्ण आला. व्यायाम कसा देशील?"

खळीचे हात सुरू झाले आणि दुभाषीचा आवाज त्यांच्यामागून चालू लागला. सगळं ठीक चाललं होतं. शेवटी खळी म्हणाली, "आणि दुखेपर्यंत ताण द्यायचा."

"नक्की?" बाईंचा सूर वर गेला.

दुभाषीने 'नक्की'ची खूण केली, ती क्षणभर रोखून धरली आणि एक भुवई वर नेली.

"अहो, अहो!" सर खुर्चीत पुढे सरकले. "हे भुवई उडवणं काय आहे? मॅडम असं काही बोलल्या नाहीत."

"हे माझं बोलणं आहे," दुभाषी म्हणाली, आणि तेही तिने खुणांनी खळीला सांगितलं. "मॅडमचा आवाज वर गेला सर. आवाज हातात घालता येत नाही, म्हणून भुवईत घातला. जे बाकीच्यांना ऐकू गेलं ते हिलाही मिळायला हवं."

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. तोवर खळीने उत्तर सुधारलं होतं, "दुखण्याच्या अलीकडे थांबायचं. रुग्ण उद्या परत यायला हवा."

सर हसले. बाईंच्याही ओठांचा कोपरा हलला. पुढचा प्रश्न आला.

"रेडियल नर्व्ह. दंडाच्या मागे ती जिथे हाडाला वेढा घेते, तिथेच तिला इजा झाली. तर रुग्णाचा हात तुला कसा दिसेल?"

दुभाषीचे हात सवयीने धावले. नसेचं नाव आलं तसं तिने उजवा हात उचलला आणि मनगट खाली सोडून दिलं. पंजा लोंबला.

ही खूण खळीनेच केलेली. असल्या शब्दांना तयार खुणा नसतात. शिकणारा आणि सांगणारा मिळून त्या घडवतात. पहिल्या वर्षी वर्गात सर ही नस शिकवत होते, ही दुखावली की मनगट उचलता येत नाही आणि पंजा असा लोंबतो, हे दाखवत होते. खळीने तिथल्या तिथे मनगट सोडलं आणि म्हणाली, "हेच हिचं नाव." एवढी नेमकी खूण, दोघी केवढ्या खूश झाल्या होत्या! वर्षानुवर्षं तीच वापरली. वर्गात ती शिकवण्यासाठी होती. इथे तर प्रश्नच होता, आणि प्रश्नाच्या पोटात उत्तर लोंबत होतं.

दुभाषीच्या ते ध्यानातही आलं नाही. तिने प्रश्न पुरा केला. मग तिला दिसलं की समोरच्या गालावरची खळी नाहीशी झाली आहे.

खळीने तळहात उभा धरला. थांबा. मग तिचे हात सावकाश, एकेक शब्द वेगळा ठेवून बोलले.

"या प्रश्नाचं उत्तर मला प्रश्नातच मिळालं. माझ्या दुभाषीने दिलं."

बाई आणि सर दोघेही दुभाषीच्या तोंडाकडे बघत होते, कारण आता बोलायचं तिला होतं. एक साधं वाक्य अगदी जिभेवर येऊन उभं राहिलं: प्रश्न नीट कळला नाही, दुसरा विचाराल का? किती सभ्य वाक्य! कुणाचं नुकसान नाही. खळीला दुसरा प्रश्न मिळाला असता, व्यवस्था वाचली असती, पहिल्या वर्षाची मुलं वाचली असती. या खोलीत ती भाषा दोघींनाच येत होती, आणि दुसरीला ऐकू येत नव्हतं.

समोर खळी तिच्याकडे बघत होती. शंकेने नव्हे, वाट बघत.

गोड करायचं नाही, कडू करायचं नाही.

"या प्रश्नाचं उत्तर मला प्रश्नातच मिळालं," दुभाषी मोठ्याने म्हणाली. "माझ्या दुभाषीने दिलं."

"काय बोलताय काय बाई तुम्ही?" सर उडालेच.

"मी नाही सर. विद्यार्थिनी बोलते आहे."

बाईंची भुवई वर गेली. "कसं दिलं?"

खळीने सगळं समजावलं. खूण कुठून आली, तिचा अर्थ काय, दुभाषीने ती नकळत कशी केली. एकही शब्द तिने दुभाषीची बाजू घेण्यासाठी वापरला नाही आणि एकही तिला टोचण्यासाठी नाही. दुभाषी स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने, दुसऱ्याच्या शब्दांत सांगत राहिली. 'नकळत' हा शब्द आला तेव्हा त्यावर जरासा जोर द्यावा असं तिला वाटलं. तिने दिला नाही.

"जाऊ द्या हो मॅडम," सर हात झटकत म्हणाले. "तिला येतच होतं की. मीच शिकवलंय. पुढचा प्रश्न घ्या, उगाच वाढवायला नको."

"तिला येत असेल हो. पण मला कळायला नको का, येतंय म्हणून?" बाई खळीकडे वळल्या. "येत होतं तुला?"

"येत होतं. ती खूण माझीच आहे. पण तुम्ही ते कशावरून मानायचं? बाहेर बाकावर बसलेत त्यांना कुणी मनगट लोंबवून दाखवलं नाही."

"तू बोलली नसतीस तर मला काही कळलं नसतं."

"म्हणून तर बोलले."

"यावरून तुमची दुभाषी बंद होऊ शकते, परीक्षा विभागाने मला सांगून ठेवलंय. ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे." खळीने दोघांकडे पाहिलं. "उद्या हेच दुसऱ्या कुणी सांगितलं तर ती तक्रार होईल. आज मी सांगितलं तर दुरुस्ती होईल. बंद करायचं की दुरुस्त करायचं, ते तुम्ही ठरवा. पण मला बरोबर तेवढंच हवं. कमी नको, जास्त नको."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सरांना म्हणाल्या, "मघाशी हिने भुवई वर केली तेव्हा तुम्ही रागावलात ना? मी तेव्हापासून विचार करते आहे. सकाळपासून मी प्रत्येकाला 'नक्की?' म्हणते, आणि उत्तर चुकलेलं असलं की माझा सूर वर जातो. मुलं पटकन बदलतात. मला वाटायचं, हुशार आहेत! आयुष्यभर मी तोंडी परीक्षा घेतल्या आणि प्रत्येकीत थोडं थोडं उत्तर सांगत आले. मला ते येऊन कुणी सांगितलं नाही. या मुलीने आपलं स्वतःहून सांगितलं." त्या खळीकडे वळल्या. "हा प्रश्न रद्द. दुसरा विचारते. नसेचं नाव बोटांनी अक्षरं करून सांगता येईल?"

"येईल," दुभाषी म्हणाली. मग घाईने, "हे माझं बोलणं आहे."

"कळलं हो," बाई म्हणाल्या.

प्रश्न आला तो पायाचा. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला प्लास्टर घट्ट बसलंय, तिथल्या कॉमन पेरोनियल नर्व्हवर दाब आलाय. प्लास्टर काढल्यावर रुग्ण दारातून चालत आला तर काय दिसेल? दुभाषीने नाव अक्षर अक्षर करून बोटांवर मांडलं. वेळ लागला. पण परीक्षेत जादा वेळ मंजूर होता तो याचसाठी. दुसरा हात तिने मांडीवर घट्ट दाबून ठेवला होता, मौनात ठेवते तसा, कारण त्या नसेचीही त्यांची एक खूण होती आणि तो हात ती करायला शिवशिवत होता.

खळी उठली. दारापर्यंत गेली आणि तिथून रुग्ण होऊन चालत आली. गुडघा वाजवीपेक्षा उंच, पाऊल पुढून लोंबलेलं, टेकताना सपकन आपटणारं. इतकं हुबेहूब की सर अर्धवट उठले, तिला धरायला. मग ती बाईंसमोर उभी राहून म्हणाली, "तुम्हाला हे पाऊल दिसण्याआधी ऐकू येईल. मला फरशीतून कळेल. लाकडाची असली तर दारापासूनच कळेल." आणि पुढे पावलाला आधार काय द्यायचा, स्नायू कसे जागे करायचे, त्वचेची काळजी कशी घ्यायची, हे तिने हातांनी मांडलं. दुभाषीला मागे धावताना दम लागला.

"नक्की?" बाईंचा सूर वर गेला.

दुभाषीची भुवई वर गेली. जे आलं ते द्यायचं.

खळीने एकवार बाईंकडे पाहिलं, एकवार भुवईकडे. बाकावरची मुलगी तिला आठवली असेल. "नक्की," ती म्हणाली.

"नक्की?" आणखी वर.

"बरोबर उत्तरावरही तुम्ही असं विचारायला लागलात, हे चांगलं झालं," खळी म्हणाली. "नक्की."

बाई मोठ्याने हसल्या. "निकाल मी सांगत नसते. पण माझं पाऊल कधी असं लोंबलं तर तुझा दवाखाना शोधत येईन." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "परीक्षा विभागाशी मी स्वतः बोलेन. दुभाषी बंद करण्याचं कारण नाही, खुणा आधी तपासून घेण्याचं आहे. पण पहिल्या वर्षाची तोंडी सोमवारी आहे ना? त्यांच्या हातात तर तुमच्याच खुणा असणार."

"आमच्याच," दुभाषी म्हणाली. या वेळी तिने 'हे माझं बोलणं' म्हटलं नाही. कुणाला शंका आली नाही. "सोमवारच्या आत एकेक खूण तपासू. जी उत्तर सांगते ती परीक्षेत वापरायची नाही, तिथे अक्षरं किंवा नवी खूण, आणि मुलांना ती आधी शिकवायची. मी शब्द देते."

"आम्ही देतो," खळी म्हणाली.

"उद्या सुट्टी आहे!" सर म्हणाले.

"वर्ग उघडून द्याल ना सर?"

सरांनी खिशातून कंगवा काढला, केसांवरून फिरवला आणि उसासा टाकला. "देतो. सांगाडाही हवा असेल?"

बाहेर आल्यावर दोघी जिन्यात बसल्या. दुभाषी म्हणाली, "चुकलं माझं. मी थांबवायचं होतं."

"खूण माझी होती. निम्मी चूक माझ्याकडे दे."

"आणि तू थांबवलंस तेव्हा..." दुभाषीचे हात अडखळले. "तुझं बोलणं बदलावंसं वाटलं मला. क्षणभर."

"माहीत आहे. कान लाल झाले होते तुझे."

"आणि बदललं असतं तर? तुला कसं कळलं असतं?"

खळीने तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "ताई, माणसाशी गोड बोललं तर त्याची भुवई कपाळात जाते का? मी बाईंकडे बघत होते." मग ती हसली, खळी परत आली, आणि तिने एक भुवई ताणून वर नेली. बाईंचं नाव पडलं होतं.

दुभाषीने घरी सगळं आईला सांगितलं. आईने दोनदा सांगायला लावलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "पोर गुणाची आहे. तुला लहानपणी भेटली असती तर माझ्या पोटाचे हाल वाचले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावून दुभाषी बसली. मांडीवरचे हात आज ऐकेनात. आई समोर येऊन उभी राहिली. "सुट्टीच्या दिवशी कुठे निघालीस?" तिने विचारलं. "सांग ना." हात हलले नाहीत. आई थोडा वेळ वाट बघत थांबली, मग भाजीची धमकी न देता आत गेली, डबा भरून आणला आणि दाराशी पिशवीत ठेवला. डबा दोघींना पुरेल एवढा होता.

मौन संपलं. दुभाषीने हात जोडले, पिशवी उचलली. रस्त्यावर अजून दुकानांची दारं बंद होती. चालता चालता तिने मोकळा हात समोर धरला आणि रेडियल नर्व्ह असं अक्षर अक्षर करून बोटांवर उतरवू लागली. मध्येच एकदा तो जुन्या सवयीने खाली झुकू पाहत होता. तिने मनगट सरळ केलं, पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली आणि विद्यापीठाच्या रस्त्याला लागली.